प्राप्तिकराचे विवरणपत्र आणि घरचे दप्तर

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या हिशेबाचे वर्ष आषाढी पौर्णिमेस संपते. त्या सुमारास ठिकठिकाणच्या हिशेबनिसांनी आपल्या वह्या मोहोरबंद करून शिलकेसह हजर व्हावे, असा तेथे दंडक सांगितला आहे. आणि त्याला जोडून आणखी एक अट आहे. जमलेल्या हिशेबनिसांस एकमेकांशी बोलू देऊ नये, ही ती अट होय. एकाने दुसऱ्याचे पाहून आकडे जुळवू नयेत, हा तिचा हेतू उघड आहे.

आज इतक्या शतकांनंतरही हिशेबाचा हंगाम आषाढाच्याच आगेमागे येतो, ही गोष्ट मौजेची खरी. नोकरदार व निवृत्तिवेतनधारक यांस प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत सामान्यतः ३१ जुलै ही असते, आणि मृगाचा पाऊस पडला न पडला तोच करसल्लागारांच्या दारांत चपलांचे जोड वाढू लागतात. मात्र कौटिल्याची ती अट आता उलटी झाली आहे. हे लोक एकमेकांशी जितके बोलतील तितके त्यांच्या अशिलांचे कल्याण अधिक. हंगाम ओसरला म्हणजे ते एकत्र बसतात. कोणत्या कागदाने कोठे अडविले, संगणकाने कोठे फसविले, अशिलास काय आधीच सांगावयास हवे होते, याची देवघेव करतात. आमचे काही जुने विद्यार्थी या व्यवसायात असल्यामुळे त्यांच्या या गोष्टी ऐकण्याचा योग आम्हांस अनेकदा आला. त्यांपैकी जे घरोघरी उपयोगी पडेल ते येथे एकत्र करून देत आहोत. कर चुकविण्याच्या युक्त्या ज्यांस हव्या असतील त्यांची निराशा होईल, हे आरंभीच सांगितलेले बरे.

थोडी पूर्वपीठिका

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन याने बसविला. सत्तावनच्या उठावाने सरकारी तिजोरीस जे खिंडार पडले होते ते बुजविण्याचा तो उपाय होता. पुढे १८८६, १९२२ व १९६१ असे एकामागून एक कायदे झाले. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा कायदा मंजूर झाला व त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' या जोडगोळीने आजवर किती गृहस्थांस चकविले असेल याची गणती नाही. नव्या कायद्याने ती काढून 'कर वर्ष' हा एकच शब्द ठेवला आहे. कलमांचे आकडे आणि फॉर्मांचे क्रमांक असे बदलत राहतात. परंतु कागद जपणे, तो ताडून पाहणे आणि जे खरे तेच लिहून त्याखाली सही करणे, ही मूळ कामे बदलत नाहीत. म्हणून या लेखात कामांवरच भर दिला आहे. जेथे फॉर्मचा क्रमांक येईल तेथे तो १९६१ च्या कायद्याखालील, लोकांच्या तोंडी बसलेला, असा समजावा.

पिशवीतले कागद

करसल्लागारांचे पहिले गाऱ्हाणे असे की, अशील येतो तो कागद घेऊन येत नाही, पिशवी घेऊन येतो. तीत तीन वर्षांपूर्वीची विम्याची पावती सापडते, विजेचे बिल सापडते, क्वचित एखादी लग्नपत्रिकाही सापडते. सापडत नाही तो बँकेच्या व्याजाचा दाखला. आमच्या पूर्वजांनी दप्तरे रुमालांत बांधून, वर्षवार लावून शतके टिकविली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही पाहावयास मिळतात. त्याच लोकांच्या वंशजांस एका वर्षाचे आठ-दहा कागद एका जागी ठेवता येऊ नयेत, हे आश्चर्य होय.

ते आठ-दहा कागद कोणते? नोकरी असल्यास मालकाने दिलेला फॉर्म १६. तो १५ जूनपर्यंत हाती यावा असा नियम आहे. जितक्या बँका आणि जितकी पोस्टाची खाती, तितके व्याजाचे दाखले. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असल्यास नफ्यातोट्याचा तक्ता. घर भाड्याने दिले असल्यास भाड्याची नोंद व घरपट्टीची पावती. गृहकर्जाच्या व्याजाचा बँकेचा दाखला. विमा, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार यांच्या त्या त्या वर्षाच्या पावत्या. धर्मादाय देणगी दिली असल्यास नुसती पावती पुरत नाही. त्या संस्थेने फॉर्म १० बीई या नमुन्यात दिलेला दाखला लागतो. यांपैकी बहुतेक वजावटी जुन्या करपद्धतीतच मिळतात. नवी करपद्धती २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास ती मुद्दाम आणि मुदतीच्या आत निवडावी लागते. तेव्हा दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडून पाहिल्याशिवाय कोणतीच धरू नये, असे जाणते सल्लागार सांगतात.

याशिवाय दोन कागद असे आहेत की ते घरात नसतात, खात्याच्या संकेतस्थळावर असतात. एक फॉर्म २६ एएस. आपल्या नावावर कोणी किती कर कापून भरला हे त्यात दिसते. दुसरे वार्षिक माहितीपत्रक, ज्यास एआयएस म्हणतात. हे नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागले असून व्याज, लाभांश, शेअरांची खरेदीविक्री, जमिनीचे व्यवहार असे पुष्कळ काही त्यात नोंदलेले असते. खात्यास आपल्याविषयी काय ठाऊक आहे हे आपणांस आधीच कळावे, ही सोय लहानसहान नव्हे. तथापि ते वेदवाक्यही नव्हे. जोडखात्यातील सगळे व्याज पुष्कळदा पहिल्या नावावर दिसते. एकच व्यवहार दोनदा नोंदला गेल्याचीही उदाहरणे आहेत. अशा वेळी गप्प न बसता त्याच संकेतस्थळावर 'ही नोंद माझी नाही' अथवा 'ही दुबार आहे' असा अभिप्राय नोंदवावा. आधी घरचे कागद, मग माहितीपत्रक, आणि दोहोंत फरक पडल्यास त्याचे कारण लिहून ठेवावे, असा क्रम अनुभवी मंडळी पाळतात.

व्याजाच्या बाबतीत तीन समजुती इतक्या रूढ आहेत की त्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. पहिली, बँकेने कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले. वस्तुतः ज्येष्ठ नागरिकाचे व्याज वर्षास १,००,००० रुपयांपर्यंत असेल तर एप्रिल २०२५ पासून बँक कर कापत नाही, एवढेच. ते व्याज उत्पन्नात धरावेच लागते. १५ एच हा फॉर्म भरून दिला तरी हाच न्याय. दुसरी, पत्नीच्या नावे ठेव ठेवली म्हणजे व्याज तिचे झाले. पैसा पतीने दिला असेल तर ते व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. तिसरी अलीकडची आहे. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, असे ऐकून पुष्कळांनी विवरणपत्राचीच रजा घ्यावयाचे ठरविले. परंतु ही सूट सवलतीच्या रूपाने मिळते. मूळ मर्यादा ४ लाख रुपयांची आहे. उत्पन्न तिच्यापलीकडे गेले की विवरणपत्र भरणे भाग आहे. शिवाय शेअर वा जमीन यांच्या नफ्यावरील विशेष दराच्या करास ही सवलत लागू होत नाही.

एका कागदाविषयी विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे. घराची वा जमिनीची खरेदीखते, बांधकामाच्या व वाढीव खोल्यांच्या पावत्या कधीही टाकून देऊ नयेत. मालमत्ता विकण्याचा प्रसंग तीस वर्षांनी येतो आणि त्या वेळी नफ्याचा हिशेब या कागदांवर ठरतो. १ एप्रिल २००१ पूर्वीची मालमत्ता असेल तर त्या दिवशीची रास्त किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठीही जुने दस्त लागतात.

नावांचा गोंधळ

विवरणपत्र अडते ते आकड्यांमुळे, असा आपला समज असतो. सल्लागार म्हणतात, निम्मी कामे नावांपायी अडतात. महाराष्ट्रात हा रोग विशेष आहे. पॅनवर आडनाव शेवटी, आधारवर ते आधी. बँकेत वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. आणि विवाहित स्त्रियांची कथा तर विचारूच नये. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, लग्नात बदललेले नाव आधारवर, आणि बँकेत दोहोंची सरमिसळ. घरातील सासूबाईंस सारा गाव ज्या नावाने ओळखतो ते नाव एकाही कागदावर नाही, असेही आम्ही पाहिले आहे. परतावा ज्या खात्यात यावयाचा ते खाते संकेतस्थळावर आधी पडताळून घ्यावे लागते, आणि नाव जुळले नाही की ती पडताळणी होत नाही. पॅन व आधार यांची जोडणी झाली नसेल तर १ जुलै २०२३ पासून ते पॅन निष्क्रिय धरले जाते. मग परतावा अडतो आणि बँक करही वरच्या दराने कापते. म्हणून हंगामाची वाट न पाहता दिवाळीच्या सुटीत घरातील प्रत्येकाचे पॅन, आधार व बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून नावे व जन्मतारखा ताडून पाहाव्यात. हे काम घरातील कॉलेजात जाणारी मुले हौसेने करतील.

घरातील कोणी निवर्तल्यास त्यांचे त्या वर्षाचे विवरणपत्र वारसाने भरावयाचे असते. त्यासाठी मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा देऊन संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. सुतकाच्या दिवसांत हे कोणास सुचत नाही हे खरे. परंतु गेलेल्याच्या पासवर्डाने, ते हयात असल्याप्रमाणे, विवरणपत्र भरून टाकण्याचा जो प्रघात कोठे कोठे पडला आहे तो सर्वथा गैर आहे.

यंत्राची मर्यादा

खात्याचे सध्याचे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. प्रारंभी काही महिने ते इतके अडखळत होते की त्या वर्षीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. २०२५ साली मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढविली होती, ती आणखी एका दिवसाने पुढे न्यावी लागली. यावरून शेवटच्या दिवसाचा भरवसा धरू नये एवढा बोध पुरे.

साध्या गृहस्थास खात्याचे फुकट मिळणारे साधन पुरते. ज्यांच्याकडे शेकडो अशील आहेत ते विनमॅन, कॉम्प्युटॅक्स, जीनियस अशी विकत मिळणारी सॉफ्टवेअरे वापरतात. कोणते चांगले यावर त्यांच्यात वाद चालतो. परंतु पुढील गोष्टींवर मात्र सर्वांचे एकमत आहे. संगणक आधीच भरून देतो ती माहिती कच्ची समजावी. गेल्या वर्षाची नोंद पुढे ओढून आणल्यास पत्ता, बँक खाते व नोकरीचे ठिकाण पुन्हा विचारून घ्यावे. हंगामात खाते आपल्या साधनाची नवी आवृत्ती काढीत असते. म्हणून दाखल करण्यापूर्वी आवृत्ती पाहून पुन्हा तपासणी चालवावी. स्वतः भरलेल्या कराच्या चलनावर वर्ष बरोबर आहे की नाही हे दोनदा पाहावे, कारण चुकीच्या वर्षात भरलेला पैसा असूनही नसल्यासारखा होतो. आणि प्रत्येक अशिलाच्या नावे तीन गोष्टी जपाव्यात: हिशेबाचा तक्ता, दाखल केलेली फाइल आणि पोचपावती. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असावी.

आम्ही एका विद्यार्थ्यास विचारले, "इतके सारे यंत्र करते, मग तुझे काम उरले ते काय?" तो म्हणाला, "सर, बेरीज यंत्र करते. पण 'काका, गावची जमीन विकलीत ना गेल्या साली?' हे त्याला विचारता येत नाही." आम्हांस हे उत्तर फार पटले. चांगला सल्लागार ओळखावयाचा तो त्याच्या संगणकावरून नव्हे, तो किती प्रश्न विचारतो यावरून.

दाखल केल्यानंतर

विवरणपत्र पाठविले म्हणजे काम संपले, असे नाही. त्याची पडताळणी ३० दिवसांच्या आत करावी लागते. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी यासाठी १२० दिवस मिळत. आधारच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ती एका मिनिटात होते. नाहीतर सही केलेली पोचपावती स्पीड पोस्टाने बंगळूरच्या केंद्राकडे पाठवावी. हे दिवस टळले तर ज्या दिवशी पडताळणी होईल तोच दाखल केल्याचा दिवस धरला जातो; आणि मुदत उलटली असल्यास ५,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्क बसते. उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्यास ते १,००० रुपये असते.

पुढे केंद्राकडून आकारणीचे सूचनापत्र येते. त्यात एका रकान्यात आपण दाखविलेले आकडे व शेजारच्या रकान्यात केंद्राने धरलेले आकडे असतात. परतावा आला की हे पत्र कोणी उघडीत नाही. ते उघडावे, दोन्ही रकाने ओळीने वाचावेत आणि दप्तरात लावावे. खात्याच्या नावाने येणारा प्रत्येक संदेश मात्र खरा मानू नये. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर संगणकाने दिलेला दस्तऐवज क्रमांक असतो व तो संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. परताव्याच्या मिषाने दुवा पाठवून बँकेची माहिती विचारणारे भामटे वृद्धांस विशेषेकरून हेरतात.

खोटी वजावट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. ती ज्यांच्याविरुद्ध होती त्यांत विवरणपत्रे भरून देणारे मध्यस्थच प्रामुख्याने होते. घरभाडे, राजकीय पक्षांस देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, औषधोपचार अशा खोट्या वजावटी दाखवून ते अशिलांस मोठे परतावे मिळवून देत असत. या मध्यस्थांपैकी काहींनी केवळ विवरणपत्रे भरण्यापुरते ईमेल पत्ते काढले आणि पुढे ते टाकून दिले. खात्याची पत्रे तेथे न वाचलेली पडून राहिली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही खात्याने तेव्हा सांगितले.

हे सारे अट्टल लबाड होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हजेरीपटावर कधी तांबडी खूण पडली नाही. त्यांस एकाने परतावा मिळवून देण्याचे कबूल केले. मेहनताना परताव्याचा पाचवा हिस्सा. गृहस्थांनी पासवर्ड दिला, ओटीपी सांगितला, परतावा आला आणि त्यांस धन्यता वाटली. दीड वर्षाने मुलाने सहज विवरणपत्र उघडून पाहिले, तो वडिलांनी आयुष्यात ज्या पक्षास मतही दिले नसेल त्याच्या नावे मोठी देणगी दाखविलेली! खात्याचे पत्र येऊन पडले होते ते त्या मध्यस्थाच्या ईमेलवर. गृहस्थांनी सुधारित विवरणपत्र भरून सर्व रक्कम, व्याज आणि वर जादा कर असे सारे चुकते केले. पैशाचे त्यांस फारसे वाटले नाही. "खाली नाव माझे होते," एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत.

सारे मर्म या एका वाक्यात आहे. विवरणपत्र कोणीही भरून देवो, त्यातील मजकूर खरा असल्याची ग्वाही करदाता देतो. म्हणून सचोटीचे सल्लागार हिशेबाचा तक्ता अशिलास वाचावयास देऊन त्यावर त्याची सही घेतात. कागदाशिवाय वजावट घालीत नाहीत. मेहनताना कामावर ठरवितात, परताव्याच्या हिश्शावर कधीही नाही. आणि संकेतस्थळावर अशिलाचाच मोबाइल व अशिलाचाच ईमेल नोंदवितात. यांपैकी एकही गोष्ट जेथे उलटी दिसेल तेथून वाचकांनी नमस्कार करून उठावे. चूक झालीच असेल तर तिच्यावर उपाय आहे. सुधारित विवरणपत्राची २०२२ साली सुरू झालेली सोय २०२५ च्या वित्त कायद्याने चार वर्षांपर्यंत वाढविली. मात्र जितका उशीर तितका जादा कराचा भार, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत, चढत जातो. आणि खात्याने चौकशीची कारवाई सुरू केल्यानंतर ही वाट बहुधा बंद होते.

एकत्र कुटुंबाविषयी

आमचे बरेच वाचक एकत्र कुटुंबात राहणारे आहेत, म्हणून दोन शब्द त्याविषयी. प्राप्तिकराच्या दृष्टीने हिंदू अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता आहे. त्याचे पॅन निराळे असते; त्याचे चौथे अक्षर 'एच' असते, व्यक्तीच्या पॅनवर तेथे 'पी' असते. वडिलोपार्जित वाड्याचे भाडे वर्षानुवर्षे थोरल्या भावाच्या वैयक्तिक विवरणपत्रात घातलेले पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यात थोरल्यावर कराचा अन्याय होतो, आणि पुढे वाटणीच्या वेळी 'भाडे तुमच्याच नावावर होते' असा वाद उभा राहतो तो निराळाच. उलट एका चुलीवर जेवतो म्हणून प्रत्येकाचा पगार कुटुंबाचा होत नाही. ज्याने मिळविला त्याच्याच विवरणपत्रात तो जातो. कुटुंबाचे विवरणपत्र कर्त्याने पडताळावयाचे असते. ९ सप्टेंबर २००५ पासून कन्याही जन्मतः सहदायाद आहेत, तेव्हा हा हिशेब लेकींसही दाखविणे न्यायाचे होय. भावांनी घरगुती कागदावर केलेली अर्धीमुर्धी वाटणी प्राप्तिकर खाते मानीत नाही, हेही ध्यानी असू द्यावे.

असो. लेख लांबला. दर घरात एक दप्तर असावे; प्रत्येक कमावत्या व्यक्तीचा एक कप्पा आणि कुटुंबाचा एक; कागद येईल त्या दिवशी तो आपल्या कप्प्यात पडावा; आणि निदान आठ वर्षे, दस्तांच्या बाबतीत तर कायमचा, तो जपावा. आषाढात सल्लागाराकडे जाताना पिशवीऐवजी तो कप्पा न्यावा, त्याने विचारलेल्या प्रश्नांस खरी उत्तरे द्यावीत आणि ओटीपी सांगण्यापूर्वी विवरणपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचावे. ज्यांस चष्म्यानेही दिसत नसेल त्यांनी नातवंडांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. एवढे केले तरी आमचा हा लेख लिहिण्याचा श्रम सार्थकी लागला असे आम्ही समजू.